ओल, अक्षर आणि संगणक

इगतपुरीस राहणाऱ्या मनुष्यास पावसाचें वर्णन सांगावें लागत नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलेल्या या गांवीं पावसानें एकदां धरलें म्हणजे दसऱ्यापर्यंत भिंतींची ओल आणि कपाटांचा कुबट वास घरोघर मुक्कामास असतो. भात पिकविणाऱ्यास हा पाऊस लक्ष्मी आहे. ग्रंथ सांभाळणाऱ्यास मात्र तो साक्षात् शत्रु आहे. जुने लेखनिक पोथी लिहून संपली म्हणजे शेवटीं पोथीच्याच मुखानें विनवणी लिहून ठेवीत कीं, मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून राखा. ते लेखनिक घाटमाथ्यावर राहत असते, तर तेलाच्या आधीं त्यांनीं पाण्याचें नांव घातलें असतें.

आमच्या शाळेच्या ग्रंथसंग्रहाची व्यवस्था पाहण्याचें काम कांहीं वर्षांपासून आमच्याकडे आहे. दर वर्षीं जूनपूर्वीं आम्ही कपाटांत कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या ठेवतों, आणि दर वर्षीं दिवाळीच्या सुट्टीनंतर कांहीं पुस्तकें बुरशीनें भरलेलीं, कांहीं कसरीनें चाळण केलेलीं हातीं येतात. मागें अशाच एका दिवाळीनंतर एक वृद्ध बाई शाळेंत आल्या. त्यांचे वडील याच शाळेचे विद्यार्थी. पुढें ते रेल्वेंत इंजिन चालवीत. विद्यार्थिदशेंत त्यांनीं या वार्षिकाच्या एका अंकांत घाटावर निबंध लिहिला होता, एवढेंच बाईंस वडिलांच्या तोंडून ऐकून ठाऊक होतें. अंक सांपडला, परंतु ओलीनें त्याचीं पानें एकमेकांस धरून बसलीं होतीं आणि निबंधाच्या पहिल्या पानाचा लगदा झाला होता. दुसरें पान तेवढें वाचतां आलें. बाईंनीं तें उभ्या उभ्या दोनदां वाचलें आणि विचारलें, "सुरुवात कशी होती?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि इतरत्र कोठें असण्याचाहि फारसा संभव नव्हता, कारण शाळेच्या वार्षिकाच्या प्रती मुळांत थोड्या, आणि त्या जपणारीं घरें त्याहून थोडीं.

मोठ्या ग्रंथकारांचे ग्रंथ नष्ट होत नाहींत असें नाहीं. परंतु त्यांच्या प्रती दहा ठिकाणीं असतात, एका ठिकाणची गेली तरी नऊ उरतात. लहान माणसाचें लहानसें लिखाण मात्र एकाच कपाटांत असतें. तें कपाट भिजलें कीं तो मनुष्य दुसऱ्यांदा जातो. हा विचार मनांत आल्यावर आम्हीं ठरविलें कीं, शाळेंत एक संगणक केवळ ग्रंथवाचनासाठीं सिद्ध करावयाचा, आणि जें जें आमच्याच कपाटांत आहे तें तें त्यांत उतरवावयाचें. हें काम करीत असतां ज्या गोष्टी कळल्या, त्या विद्यार्थिमित्रांस उपयोगीं पडतील म्हणून येथें लिहीत आहों.

यंत्राचा प्रश्न सोपा निघाला. एका माजी विद्यार्थ्यानें दिलेला जुना संगणक कोपऱ्यांत झांकून ठेवलेला होता. त्यावरील विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला होता, आणि तिच्या पुढची विंडोज ११ त्या यंत्रावर चढत नव्हती. एका दुकानदारानें तें भंगारांत देण्याचा सल्ला दिला. आम्हीं तो मानला नाहीं. कारण पुस्तक वाचणें हें संगणकाच्या दृष्टीनें अत्यंत हलकें काम आहे. ज्या बैलानें नांगर ओढवत नाहीं, त्यासहि पाण्याची पखाल वाहतां येते.

१९९१ सालीं लीनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाच्या प्रणालीचा गाभा लिहून जगास खुला केला. त्या गाभ्यावर उभारलेल्या अनेक प्रणाली आज विनामूल्य मिळतात. त्यांपैकीं लिनक्स मिंट आम्हीं घेतली. ती प्रथम पेनड्राइव्हवर उतरवावी आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करून पाहावा. पडदा, ध्वनि, कळफलक, इंटरनेट हीं सर्व नीट चालतात अशी खात्री झाल्यावरच ती यंत्रावर कायमची बसवावी. बसवितांना जुनी माहिती पुसली जाते, म्हणून जें ठेवावयाचें तें अगोदर दुसरीकडे उतरवून घ्यावें. आमच्या यंत्राची स्मृति ४ जीबी होती, आणि ती वाचनास पुरते. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क मात्र काढून तिच्या जागीं एसएसडी घातली, आणि पूर्वीं सुरू होतांना चहा पिऊन यावा इतका वेळ घेणारें यंत्र मिनिटभरांत तयार होऊं लागलें.

वाचनाचीं साधनेंहि विनामूल्य मिळालीं. ग्रंथांची सूचि ठेवणें आणि एका प्रकारच्या ग्रंथाचें दुसऱ्या प्रकारांत रूपांतर करणें यांसाठीं कॅलिबर. भारतीय वंशाच्या कोविद गोयल यांनीं या साधनाचें काम २००६ सालीं सुरू केलें. पीडीएफ वाचण्यास ओक्युलर, आणि ईपब वाचण्यास थोरियम. इतकें झाल्यावर यंत्र सिद्ध झालें असें आम्हांस वाटलें. परंतु खरें काम येथूनच सुरू होतें, कारण आतां देवनागरीची पाळी होती.

आजच्या विद्यार्थ्यास संगणकावर मराठी लिहिणें ही स्वाभाविक गोष्ट वाटते. ती तशी पूर्वीं नव्हती. संगणकाच्या पोटांत अक्षर नसतें, आंकडा असतो. अमुक आंकडा म्हणजे अमुक अक्षर, असा संकेत ठरवावा लागतो. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें. १९९१ सालीं इस्की हा भारतीय लिप्यांचा मानक संकेत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांना सामावून घेण्याच्या हेतूनें युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तथापि छपाईच्या धंद्यांत पुढें कित्येक वर्षें निरनिराळ्या टंकांचे निरनिराळे खाजगी संकेत चालू राहिले. इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसवावयाचे, अशी ती युक्ति होती. कागदावर छापून आलें म्हणजे सर्व ठीक दिसे. परंतु तेंच पुस्तक संगणकावर उघडून त्यांतील 'शाळा' हा शब्द शोधूं लागलें तर यंत्र म्हणतें, असा शब्दच येथें नाहीं. आणि ओळ उचलून दुसरीकडे ठेवली तर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा पडतो.

म्हणून कोणतेंहि मराठी डिजिटल पुस्तक हातीं आलें म्हणजे आम्ही प्रथम एक साधी परीक्षा करतों. त्यांतील एक ओळ उचलून कोऱ्या पानावर ठेवतों. ओळ जशीच्या तशी उतरली तर पुस्तक युनिकोडमध्यें आहे. कचरा उतरला तर जुन्या टंकांत आहे. आणि ओळ मुळीं उचललीच गेली नाहीं तर तें पुस्तक नसून पुस्तकाचें छायाचित्र आहे. या तीन उत्तरांवरून त्या पुस्तकाचें पुढील भवितव्य बहुतेक कळून येतें.

टंकांच्या बाबतींत मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त आणि गूगलचा नोटो हे दोन विनामूल्य टंक आम्हीं निवडले. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' या दोन शब्दांतील फरक ज्यास दाखवितां येत नाहीं तो टंक मराठीच्या कामाचा नाहीं. मराठीचे 'ल' आणि 'श' हिंदीहून निराळ्या वळणाचे आहेत. नोटोसारख्या टंकांत दोन्ही वळणें असतात, परंतु पुस्तकाची भाषा मराठी आहे असें पुस्तकाच्या आंत नोंदविलें असेल तरच मराठी वळण प्रकट होतें. ही नोंद एका शब्दाची असते, आणि ती न केल्यामुळें कित्येक चांगलीं मराठी पुस्तकें परक्या वळणानें डोळ्यांपुढें येतात.

आतां मुख्य प्रश्न, पुस्तक कोणत्या रूपांत ठेवावें. हा प्रश्न आपणांस नवा वाटतो, परंतु आपल्या ग्रंथकारांनीं तो पूर्वींहि एकदां सोडविला आहे. मुंबईंत गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मराठी छपाई सुरू झाली, तेव्हां दोन मार्ग होते. एक शिळाछापाचा: लेखनिकानें सुवाच्य अक्षरांत पान लिहावें आणि त्या पानाचीच प्रतिमा दगडावरून कागदावर उठवावी. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं पंचांग छापलें तें याच रीतीनें. दुसरा मार्ग खिळ्यांचा: एकेक अक्षर धातूंत ओतावें आणि जुळाऱ्यानें तीं जुळवून पान उभें करावें. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरी खिळे पाडण्याचें काम केलें, आणि त्याच परंपरेंत तयार झालेल्या जावजी दादाजींनीं पुढें निर्णयसागराचे सुबक खिळे घडविले. शिळाछापांत पान जसें लिहिलें तसें राहतें, हा गुण. परंतु त्यांतील अक्षर हलवितां येत नाहीं, हा दोष. खिळे सोडवून तोच मजकूर मोठ्या किंवा लहान पानावर पुन्हां जुळवितां येतो.

संगणकावरील पीडीएफ हा आपल्या काळचा शिळाछाप होय, आणि ईपब हे खिळे होत. पीडीएफ ॲडोबी कंपनीनें १९९३ सालीं काढला आणि २००८ सालीं तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यांत पान हें एकक आहे. पान कोठेंहि उघडा, ओळ तेथेंच तुटेल, चित्र तेथेंच बसेल. गणित, नकाशे, कोष्टकें, जुन्या हस्तलिखितांच्या प्रतिमा यांस तो उत्तम. ईपब २००७ सालीं आला. तो उघडून पाहिला तर आंत वेबपानांसारख्या साध्या मजकुराचें एक बांधलेलें गांठोडें असतें. त्यांत पान असें नसतेंच. मजकूर पाण्यासारखा असतो आणि ज्या भांड्यांत ओतावा त्याचा आकार घेतो. वाचकानें अक्षर मोठें केलें तर ओळी आपोआप नव्यानें जुळतात.

हा भेद शब्दांनीं सांगण्यापेक्षां आम्हीं प्रयोग करून पाहिला. एकच कथा दोन्ही रूपांत तयार करून तीन वाचकांस दिली. पहिला आठवीच्या वर्गांतील एक मुलगा. तो डोंगरापलीकडील पाड्यावरून येतो आणि घरीं एकुलता एक पडदा म्हणजे वडिलांचा मोबाइल. पीडीएफ वाचतांना त्यास प्रत्येक ओळीसाठीं पान उजवीकडे आणि पुन्हां डावीकडे ओढावें लागे; दोन पानांनंतर त्यानें मोबाइल ठेवून दिला. ईपब त्यानें त्याच रात्रीं संपविली. दुसरी वाचक नववींतील एक मुलगी. तिची दृष्टि अधू आहे. पाठ्यपुस्तक ती डोळ्याशीं धरून वाचते आणि थोड्याच वेळांत तिचें डोकें दुखूं लागतें. संगणकाच्या पडद्यावर ईपबमधील अक्षर बोटाएवढें करून, पाठीमागें काळा रंग आणि त्यावर पांढरीं अक्षरें ठेवून दिलीं, तेव्हां ती ताठ बसून वाचूं लागली. ईस्पीक या साधनाकडून मजकूर मराठींत मोठ्यानें वाचूनहि घेतां येतो. त्याचा आवाज यांत्रिक आहे, परंतु ती म्हणाली, "आवाज कसाहि असो, थांब म्हटलें कीं थांबतो आणि पुन्हां म्हण म्हटलें तर रागावत नाहीं." तिसरे वाचक आमच्या शाळेचे एक सेवानिवृत्त शिक्षक. त्यांनीं मात्र ईपब बाजूस सारून जुन्या आवृत्तीचा पीडीएफ मागितला. त्यांस मूळ छपाई, मूळ पृष्ठांक आणि कडेच्या टिपा पाहावयाच्या होत्या. तिघांचेंहि बरोबर होतें. तेव्हां उत्तम रूप कोणतें, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या हातीं द्यावयाचें, हें अगोदर विचारलें पाहिजे.

आकारमानाचाहि विचार आहे. युनिकोड मजकूर साठविण्याच्या रूढ रीतींत देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात. तीनशें पानांच्या पुस्तकांत प्रत्येक पानावर दीड हजार चिन्हें धरलीं तरी सर्व मजकूर दीड एमबीच्या आंत राहतो, आणि ईपबच्या गांठोड्यांत बांधतांना तो आणखी आकसतो. त्याच पुस्तकाचीं छायाचित्रें घेऊन केलेला पीडीएफ सहज तीस-चाळीस एमबी होतो. पाड्यावर जेथें मोबाइलची लाट धड पोंचत नाहीं, तेथें हा फरक म्हणजे पुस्तक मिळणें आणि न मिळणें यांमधला फरक आहे.

तिसरें एक रूप आहे, त्याविषयीं सावधगिरीचे चार शब्द सांगणें अवश्य आहे. कांहीं दुकानदार पुस्तक कुलूप लावून विकतात. ॲमेझॉन कंपनीनें २००७ सालीं किंडल हें वाचनयंत्र बाजारांत आणलें आणि २०१६ सालच्या डिसेंबरांत त्यावर मराठीसह कांहीं भारतीय भाषांतील पुस्तकें मिळूं लागलीं. ही सोय मोठी आहे आणि लेखकास त्याचा मोबदला मिळतो, हें योग्यच आहे. परंतु कुलूपबंद पुस्तकाची किल्ली विकणाऱ्याकडेच राहते. २००९ सालीं जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीच्या कांहीं प्रती विकणाऱ्याजवळ हक्क नव्हते म्हणून वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेण्यांत आल्या. पैसे परत मिळाले, पुस्तक गेलें. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हां तेथून घेतलेलीं पुस्तकें उघडेनाशीं झालीं. त्यांचेहि पैसेच परत मिळाले. घरांतील वाचनासाठीं असें पुस्तक घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु जें शंभर वर्षें राखावयाचें आहे, तें ज्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे अशा पेटींत ठेवूं नये.

रूप आणि मजकूर यांतील संबंध समजण्यास इगतपुरीच्या मुलांस दूर जावें लागत नाहीं. १८६५ सालीं थळघाट चढून रेल्वे येथें आली. १९३० च्या सुमारास मुंबईच्या बाजूचा मार्ग १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालूं लागला, आणि पुढें स्वातंत्र्योत्तर काळांत भुसावळच्या बाजूचा मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर गेला. दोन्ही विजा एकमेकींशीं जुळेनात. म्हणून चालू शतकाच्या आरंभापर्यंत कित्येक गाड्यांचीं इंजिनें आमच्या स्थानकावर बदलत. इंजिन बदले, परंतु डबे तेच, उतारू तेच, आणि खिडकींत बसून झोंपलेलें मूलहि तेंच. मजकूर उघडा आणि युनिकोडमध्यें असेल, तर त्याचें रूपांतर असेंच होतें: आज ईपब, उद्यां आणखी कांहीं, उतारूस उतरावें लागत नाहीं. जुन्या टंकांतील पुस्तकाची गोष्ट निराळी. तेथें एकेक प्रवासी उतरवून, त्याचें नांव पुन्हां विचारून, दुसऱ्या गाडींत बसवावा लागतो.

याचें प्रत्यक्ष उदाहरणहि आमच्याच गांवीं घडलें आहे. येथील धम्मगिरीच्या परिसरांत १९८५ सालीं विपश्यना विशोधन विन्यास ही संस्था स्थापन झाली. ब्रह्मदेशांत रंगून येथें १९५४ ते १९५६ या काळांत भरलेल्या सहाव्या संगीतींत बौद्धांच्या पाली त्रिपिटकाचा पाठ तपासून निश्चित करण्यांत आला होता. तो पाठ आणि त्यावरील अट्ठकथा या संस्थेनें देवनागरींत शंभरांहून अधिक खंडांत छापलीं, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तोच मजकूर सीडीवर आणला. त्यांत एकच ओळ देवनागरी, रोमन, म्यानमारी, सिंहली, थाई अशा निरनिराळ्या लिप्यांत वाचतां येई आणि हवा तो शब्द साऱ्या ग्रंथसमूहांत शोधतां येई. आज सीडी घालण्याची खांचसुद्धां नव्या संगणकांस नसते. तरीहि तो ग्रंथ बुडाला नाहीं. कारण तो छायाचित्रांत नव्हे, अक्षरांत सांठविलेला होता. सीडी गेली आणि अक्षरें इंटरनेटवर आलीं. धर्म कोणताहि असो, आपल्या शेजाऱ्यानें ग्रंथ कसा राखला हें पाहून शिकण्यांत कमीपणा नाहीं.

आतां आमच्या वार्षिकाच्या जुन्या अंकांविषयीं. आम्हीं ठरविलेली पद्धति अशी. प्रत्येक पानाची प्रतिमा इंचास ३०० बिंदु या घनतेनें घ्यावयाची. मूळ प्रतिमा न दाबतां टिफ या रूपांत जशीच्या तशी राखावयाची. तिच्यावरून पाहण्यासाठीं पीडीएफ करावयाचा. आणि मजकूर अक्षरांत उतरवून वाचण्यासाठीं ईपब करावयाची. प्रतिमेवरून अक्षर ओळखण्यास टेसरॅक्ट हें विनामूल्य साधन आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत तें घडलें, २००५ सालीं तें सर्वांस खुलें झालें, आणि त्यास मराठी वाचतां येतें. तथापि पिवळ्या पडलेल्या कागदावरील झिजल्या खिळ्यांचा मजकूर तें बिनचूक वाचील अशी अपेक्षा करूं नये. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'थ' आणि 'य' यांत तें गोंधळतें. म्हणून यंत्रानें वाचलेलें प्रत्येक पान दोन विद्यार्थ्यांनीं मुळाशीं ताडून पाहावें असा नियम केला: एकानें मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें पाहावें.

या कामांत एक मौज झाली. १९६२ सालीं मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्यापूर्वींच्या छपाईंत अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र असत. 'नाहीं', 'तें', 'पुस्तकें' यांवरील ते ठिपके नव्या पिढीच्या डोळ्यांस अपरिचित. एका मुलानें कळकळीनें विचारलें, "गुरुजी, या पानावर माशा बसून गेल्या आहेत का?" आणि यंत्रहि त्याच्याच मताचें असल्यासारखें ते ठिपके वारंवार गाळी. आम्हीं निर्णय दिला कीं, ठिपका हा लेखकाचा आहे. तो आपला नव्हे, म्हणून गाळण्याचा अधिकारहि आपला नव्हे. त्या दिवसापासून मुलें ठिपके मोजून घेऊं लागलीं, आणि मोजतां मोजतां मूळ निबंधहि वाचूं लागलीं. प्रस्तुत लेखहि त्याच जुन्या वळणानें लिहिला गेला, हा त्या अंकांच्या सहवासाचा परिणाम समजावा.

दुसऱ्यांचे ग्रंथ घेतांना हक्काचा विचार करावा. १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षें लोटलीं म्हणजे त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालेले ग्रंथ सर्वांचे होतात. नाशिकजवळील जलालपुरास जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ सालीं निवर्तल्या, साने गुरुजी १९५० सालीं. तेव्हां त्यांचे असे ग्रंथ उतरवून घेण्यास आतां मुभा आहे. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयाच्या मराठी विभागांत अशीं पुस्तकें युनिकोडमध्यें मिळतात. तेथें मूळ पान एका बाजूस आणि अक्षरांत उतरविलेला मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून कोणासहि मुद्रितें तपासतां येतात. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनें मराठी पुस्तकें विनामूल्य देतें, आणि राज्य मराठी विकास संस्थेनें कित्येक दुर्मिळ ग्रंथांच्या प्रतिमा उपलब्ध केल्या आहेत. हयात लेखकाचें पुस्तक मात्र चोरून उतरवूं नये. चोरलेली प्रत वाचणाऱ्यास फुकट पडते खरी, पण तिची किंमत लेखकाच्या घरांतून जाते. आमच्या वार्षिकांतील निबंधहि आम्ही तूर्त शाळेच्या संगणकावरच वाचावयास ठेवले आहेत. ज्यांचे वारस सांपडतील त्यांस विचारूनच ते बाहेर देऊं.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. संगणक हाहि नाशवंतच आहे. ओल कागदास लागते तशी यंत्रासहि लागते, आणि इगतपुरीच्या श्रावणांत वीज किती वेळां जाते तें येथील रहिवाशांस ठाऊकच आहे. यास्तव प्रत्येक ग्रंथाच्या तीन प्रती ठेवाव्या: एक संगणकांत, एक निराळ्या डिस्कवर, आणि एक गांवाबाहेर. आमची तिसरी प्रत घाटाखालीं एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं आहे. वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, तीनहि उघडून पाहतों. कारण न उघडलेली प्रत आहे कीं नाहीं, हें उघडल्याशिवाय कळत नाहीं. आणि ज्या अंकांचीं पानें अद्याप शाबूत आहेत, ते कागदी अंकहि आम्हीं टाकले नाहींत. अक्षर संगणकांत उतरलें म्हणून कागद फुकट झाला असें मानणें म्हणजे छायाचित्र काढलें म्हणून आजोबांस निरोप देण्यासारखें आहे.

हें सर्व सांगण्याचा हेतु विद्यार्थ्यांस यंत्रज्ञ करावें असा नाहीं. यंत्रें बदलतील, आज सांगितलेलीं साधनांचीं नांवें दहा वर्षांनीं कोणी घेणारहि नाहीं. तीन गोष्टी मात्र टिकतील असें आम्हांस वाटतें. मजकूर सर्वांस समजेल अशा उघड्या संकेतांत असावा. त्याची किल्ली आपल्या हातीं असावी. आणि त्याच्या प्रती एकाहून अधिक घरीं असाव्यात. या तिहींपैकीं शेवटची गोष्ट संगणकावांचूनहि साधते.

म्हणून शेवटीं विद्यार्थिमित्रांस आणि त्यांच्या पालकांस एक विनंति आहे. आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेंत, माळ्यावर, देवघराच्या फडताळांत या वार्षिकाचे जे अंक असतील, ते पावसापूर्वीं एकदां बाहेर काढून पाहावेत. मुखपृष्ठ नसलें तरी चालेल, अर्धा अंक असला तरी चालेल. कारण आमच्या प्रतींत जें पान नाहीं, नेमकें तेंच आपल्या प्रतींत असूं शकेल. अंक शाळेंत आणावा. आपल्या समोर त्याच्या पानांच्या प्रतिमा घेऊन तो त्याच दिवशीं परत दिला जाईल. ग्रंथालय सोमवार ते शुक्रवार चार वाजेपर्यंत उघडें असतें.